कण्हगिरीची वाट : टोकावडे परिसर, साष्टी बेट आणि कान्हेरीचे दानलेख

१. विषयाची मांडणी

साष्टी बेटाच्या डोंगरात कोरलेली कान्हेरीची लेणी मराठी वाचकाला प्रामुख्याने दोन नात्यांनी परिचित आहेत : एक सहलीचे ठिकाण म्हणून आणि दुसरे कलेतिहासाच्या ग्रंथांतील एक प्रकरण म्हणून. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मात्र त्यांना जागा मिळते ती भाषेच्या उत्पत्तिविषयक विवेचनातील एखाद्या ओझरत्या उल्लेखापुरती. महाराष्ट्रातील लेण्यांमध्ये प्राकृत लेख आहेत, मराठीचे मूळ प्राकृतात आहे, एवढे सांगून ते प्रकरण मिटते. लेखांत काय लिहिले आहे, ते कोणी लिहविले, कोणत्या घाटाने रचले, या प्रश्नांकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही. तो प्रांत पुराभिलेखविद्येचा, असे मानून तो बाजूला होतो.

हे दुर्लक्ष आज परवडणारे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या मागणीसाठी २०१२ मध्ये नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने जो पुरावा मांडला, त्यात नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखाला महत्त्वाचे स्थान होते. कोरीव लेख अशा रीतीने भाषेच्या अभिमानाचा आधार झाले. परंतु पुरावा म्हणून लेखाचे नाव घेणे वेगळे आणि मजकूर म्हणून लेख वाचणे वेगळे. पहिल्याने वय सिद्ध होते. दुसऱ्याने भाषेचा स्वभाव, तिच्यातले सातत्य आणि तिच्यात पडलेले खंड समजतात.

कान्हेरीच्या बेटावरील चैत्यगृह ही एकाकी साधनास्थळाची नव्हे, तर सह्याद्रीच्या घाटांतून उतरून टोकावडे-मुरबाड-कल्याण असा प्रवास करणाऱ्या वाटेच्या टोकाची वास्तू आहे; आणि त्या वाटेवरच्या माणसांनी कोरविलेले दानलेख हा मराठीच्या अभ्यासकाने वाङ्मयप्रकार म्हणून वाचण्याजोगा मजकूर आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय. या वाचनातून मराठीचे प्राकृताशी असलेले नाते जसे दिसते, तसे ते नाते जेथे तुटले त्या जागाही दिसतात. दोन्हींची नोंद घेणे आवश्यक आहे.

२. बेट आणि वाट

कान्हेरीचे नाव लेखांमध्ये ‘कण्हगिरि’ किंवा ‘कण्हसेल’ असे येते. उत्तरकालीन संस्कृत लेखांत ते ‘कृष्णगिरि’ होते. काळ्या खडकाचा डोंगर, हा त्याचा सरळ अर्थ. हा डोंगर ज्या साष्टी बेटावर आहे, त्याच्या उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस समुद्र आहे. १८५४ मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला आणि पुढे पूल वाढत गेल्यावर बेटपणाची जाणीव पुसट झाली. प्राचीन काळी मात्र मुख्य भूमीवरून कान्हेरीस येणाऱ्याला खाडी ओलांडणे अटळ होते.

बेट म्हटले की तुटलेपण मनात येते. भिक्षुसंघाने जगापासून दूर राहण्यासाठी बेट निवडले असावे, अशी समजूतही त्यातूनच होते. भूगोल मात्र वेगळे सांगतो. साष्टीच्या भोवती त्या काळातील मोठी व्यापारी ठाणी होती : वायव्येस सोपारा, ईशान्येस कल्याण, दक्षिणेस खाडीपलीकडे चेमुल म्हणजे चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वी नियमित पेठ असलेल्या या बंदरावर पुढे निर्बंध आले आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, अशी माहिती त्यात मिळते. पेठांसाठी चाललेली ही चढाओढ त्या व्यापाराचे मोल सांगते. अशा पेठांच्या मध्ये वसलेले बेट हे निर्जन नसते. ते वाटांच्या गाठीवर असते.

कल्याणहून देशावर जाणारी एक प्रमुख वाट आजच्या मुरबाड तालुक्यातून जात असे. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे या गावांच्या मालिकेने आजचा कल्याण-माळशेज रस्ता सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचतो. वैशाखऱ्यापुढे नाणेघाटाची चढण लागते. घाटमाथ्यावरून जुन्नरचा मुलूख सुरू होतो आणि तेथून पुढे पैठणकडे मार्ग जातो. टोकावड्यातून पूर्वेला पाहिले असता सह्याद्रीची जी उभी भिंत दिसते, तीत ही खिंड आहे. कोकणात उतरलेला माल आणि माणसे या खिंडीतून वर जात, देशावरचा माल खाली येई. माथ्यावर आज जकातीचा रांजण म्हणून दाखविले जाणारे दगडी भांडे या रहदारीची लोकस्मृती टिकवून आहे.

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापणांच्या दक्षिणेची ती गणना आहे. याच ठिकाणी राजकुलातील व्यक्तींच्या मूर्तींवर जी नावे कोरली होती, त्यांत ‘महारठि’ ही संज्ञा येते. भाषेच्या इतिहासात या लेखाचा गौरव होतो तो योग्यच आहे. मात्र याच घाटात आणखी एक छोटा लेख आहे, ज्याकडे लक्ष कमी जाते. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या मनुष्याने तेथे एक ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले, एवढेच तो सांगतो. समुद्रकाठच्या सोपाऱ्यातील माणूस घाटमाथ्यावर पाण्याची सोय करतो, यात त्या वाटेचे सारे अर्थशास्त्र आणि नीतिशास्त्र आले. पावसाळ्यात कोसळधार आणि चैत्र-वैशाखात कोरड्या विहिरी, हा अनुभव शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांना आजही नवा नाही. ज्या मुलखात पाऊस भरपूर आणि पाणी दुर्मीळ, तेथे टाके कोरविणे हे सर्वांना समजणारे पुण्य होते.

नाणेघाट आणि कान्हेरी यांना जोडणारा धागा हाच आहे. घाटात पोढी आहे; बेटावरच्या डोंगरात तर लेण्यागणिक पोढ्या आहेत. कान्हेरीत पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींनी टाक्यांत उतरविले जाई आणि वर्षभर पुरविले जाई. चार महिन्यांचे पाणी बारा महिने राखण्याची ही व्यवस्था दात्यांच्या देणग्यांवर उभी होती, आणि ते दाते बहुतांशी बेटाबाहेरचे होते.

३. दानलेख : एक वाङ्मयप्रकार

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आणि जवळपास तितकेच लेख आहेत. एकोणिसाव्या शतकात स्टीव्हन्सन, वेस्ट, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदींनी त्यांचे वाचन केले. १९९१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांचा या लेखांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सातवाहन लेखांपुरते पाहता वा. वि. मिराशी यांचा १९७९ मधील मराठी ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती सहज येणारा आहे. साधनांची उणीव नाही. वाङ्मयीन दृष्टीने वाचण्याची उणीव आहे.

प्राकृत दानलेखाचा घाट ठरलेला आहे. आरंभी बहुधा मंगलवाचक शब्द. मग दात्याचे गाव, नाव, व्यवसाय आणि नाते. मग दानाची वस्तू. नंतर दान कोणाला. आणि शेवटी, सर्वत्र नव्हे पण पुष्कळदा, दानामागील हेतू. क्रियापद क्वचितच असते. ‘देयधम’, म्हणजे द्यावयाचा धर्म, या एका शब्दात क्रिया आटोपते. गावाच्या नावाने सुरुवात आणि दानाने शेवट, हा क्रम अर्थपूर्ण आहे : माणूस जेथून निघाला तेथून वाक्य निघते आणि जेथे पोहोचला तेथे संपते. वाक्यरचनाच एका यात्रेचा आलेख असते.

नाणेघाटातील राजलेखाशी तुलना केली की या प्रकाराचे वेगळेपण उठून दिसते. राजलेख बेरजेने वाढतो. यज्ञामागून यज्ञ, दक्षिणेमागून दक्षिणा येते आणि संख्या हेच त्याचे अलंकरण असते. दानलेख वजाबाकीने घडतो. जे सांगितल्यावाचून चालणार नाही तेवढेच तो सांगतो. अक्षर कोरण्यास श्रम आणि पैसा लागत असल्याने हा संक्षेप व्यवहारातून आला असेल. पण व्यवहारातून आलेले बंधनच वाङ्मयप्रकाराला घाट देते, हे ओवी-अभंगांच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको.

दात्यांचे वैविध्य हे या मजकुराचे दुसरे वैशिष्ट्य. कल्याणचा नंद हा ‘कमार’ म्हणजे लोहार. त्याच्या दानात वाटेचा, ‘पथा’चा, समावेश आहे. सोपाऱ्याचा नागपालित हा ‘मणिकार’. त्याने परिवारासह पोढी दिली. चेमुलचा सुलसदत्त हा ‘हेरणिक’, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. त्याचेही दान पोढीचेच. व्यापारी, गृहपती, त्यांच्या स्त्रिया, भिक्षू आणि भिक्षुणी अशी ही यादी पसरत जाते. पुष्कळ लेखांत दाता एकटा नसतो. आई, वडील, बायको, मुलगे, मुली, भाऊ, बहिणी यांची नावे किंवा नाती सोबत येतात. राजवंशावळीत केवळ पिता-पुत्र परंपरा दिसते. येथे आडवे पसरलेले कुटुंब दिसते.

नंदाच्या दानाकडे थोडे थांबून पाहणे योग्य ठरेल. चैत्य, मूर्ती, लेणे यांचे दान सहज समजते. लोहाराने वाट द्यावी, याचा अर्थ काय? कान्हेरीची लेणी एका ओढ्याच्या दोन्ही अंगांस, निरनिराळ्या उंचीवर पसरलेली आहेत. पायऱ्या व पायवाटा खडकात खोदल्यावाचून ती एकमेकांना जोडली जात नाहीत. खडक फोडणारी हत्यारे ज्याच्या भट्टीत घडतात, त्या कारागिराच्या नावाने ही वाट कोरलेली आहे. कल्याणपर्यंत आलेला मार्ग बेटावर पोहोचल्यानंतर शेवटच्या टप्प्यापर्यंत नेण्याचे काम एका लोहाराच्या दानाने केले. वाङ्मयाच्या इतिहासात सामान्य माणसाचे नाव प्रथम कोठे येते, हा प्रश्न आपण संतवाङ्मयाच्या संदर्भात विचारतो. त्याचे याहून पुष्कळ जुने एक उत्तर कान्हेरीच्या खडकात आहे.

या प्राकृत लेखांमध्ये एक संस्कृत लेख वेगळा उठून दिसतो. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक वंशातील, महाक्षत्रपाची कन्या होती. तिच्याशी संबंधित या लेखात शतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. दान तेच, पण ‘पोढी’ऐवजी ‘पानीयभाजन’ हा शब्द येतो. क्षत्रपांच्या दरबारी संस्कृताचा पुरस्कार होता आणि सातवाहनांच्या प्रदेशात लेखनाची भाषा प्राकृत होती, हे इतिहासग्रंथांत पानोपानी सांगितले जाते. कान्हेरीत ते एकाच वस्तूच्या दोन नावांमधून प्रत्यक्ष वाचता येते. भाषानिवड ही प्रतिष्ठेची निवड असते, याचे इतके सुटसुटीत उदाहरण वर्गात क्वचितच मिळेल.

४. शब्दांच्या तीन गती

या लेखांतील शब्दांचे पुढे काय झाले, हा मराठीच्या अभ्यासकाचा खास प्रश्न. ढोबळमानाने तीन गती दिसतात.

पहिली गती अखंड वारशाची. लेखांतील ‘लेण’ (संस्कृत लयन, आश्रयस्थान) हा शब्द मराठीत ‘लेणे’ या रूपात टिकला. अलंकारवाचक ‘लेणे’ आणि ‘अंगावर घालणे’ या अर्थाचे ‘लेणे’ हे क्रियापद यांच्याशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह काव्यात्म असला, तरी तो टाळावा. ते शब्द मुळात वेगळे मानले जातात. ‘कण्हगिरि’चे ‘कान्हेरी’ झाले ते मराठीच्या नियमित ध्वनिपरिवर्तनाने : जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला, स्वरमध्यस्थ ‘ग’ लोपला आणि उरलेले स्वर एकत्र आले. एका लेखात ‘मंगलठाण’ गावच्या शेताचे दान येते. ते गाव म्हणजे बोरिवलीजवळचे मागाठाणे. ‘मणिकार’चे ‘मणियार’, ‘वाणिज’चे ‘वाणी’ हीही याच गतीची उदाहरणे. षष्ठीचा ‘-स’ हा प्रत्यय लेखांमध्ये नावागणिक भेटतो. मराठीतील चतुर्थीचा ‘स’, जसे ‘घरास’ किंवा ‘गावास’, त्याच प्राकृत षष्ठीतून आला असे मानले जाते. दात्याच्या नावाला चिकटलेला प्रत्यय पुढे घेणाऱ्याच्या नावाला जोडला गेला, ही विभक्तीच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे.

दुसरी गती खंडाची. ‘पोढी’ हा लेखांमधील अत्यंत वारंवार येणारा शब्द. पण बोलीत त्याची जागा ‘टाके’ या शब्दाने घेतली. आज तो वापरला जातो तो लेण्यांच्या अभ्यासकांकडून, म्हणजे ग्रंथांतून परत आलेला. लेखांत ‘खेत’ आहे. मराठीत ‘शेत’ आहे. दोन्हींचे मूळ ‘क्षेत्र’ असले, तरी ‘क्ष’चे परिवर्तन दोन दिशांनी झाले आहे आणि ‘शेत’ची परंपरा ‘छेत्त’ या दुसऱ्या प्राकृत रूपाकडे जाते. लेखांत ‘पथ’ आहे. बोलीत ‘वाट’ आली. ही उदाहरणे महत्त्वाची अशासाठी, की लेखांची प्राकृत ही जशीच्या तशी मराठीची जननी होती, हे सुलभ समीकरण त्यांच्यापुढे टिकत नाही. लेखांची भाषा ही विस्तृत प्रदेशात समजणारी, काहीशी प्रमाणित लेखनभाषा होती. मराठी ज्या बोलींतून वाढली त्या तिच्या निकटच्या होत्या, पण तिच्याशी एकरूप नव्हत्या. झ्यूल ब्लोक यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ध्वनिपरिवर्तनाची जी काटेकोर पद्धत मराठीला लावली, तिचा धडा हाच आहे : साम्य दाखविणारे शब्द जितक्या आस्थेने गोळा करावयाचे, तितक्याच आस्थेने विसंगत शब्दही नोंदवावयाचे.

तिसरी गती पुनरागमनाची. ‘विहार’, ‘चीवर’, ‘उपासक’, ‘भिक्खू’, ‘चैत्य’ हे शब्द मध्ययुगीन मराठीच्या बोलव्यवहारातून त्यांच्या बौद्ध अर्थाने जवळजवळ नाहीसे झाले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर ते मराठीत नव्याने, पालीच्या मार्गाने आले आणि आज खेड्यापाड्यांतील घरांत रुळले आहेत. कान्हेरीच्या दानलेखांत भिक्षूंच्या चीवरांसाठी ठेवलेल्या कायम ठेवी, म्हणजे ‘अखयनिवि’, आढळतात. आजचा बौद्ध वाचक ‘चीवर’ हा शब्द ओळखतो तो वारशाने नव्हे, तर निवडीने. भाषेला वारसा जसा मिळतो, तसा तो मागूनही घेता येतो, हे सामाजिक भाषाविज्ञानाचे सूत्र येथे सोदाहरण दिसते. मागून घेतलेला शब्द कमी अस्सल नसतो. त्याचा इतिहास वेगळा असतो, इतकेच.

५. दूरचे भेटकर्ते

दानलेख थांबल्यावर कान्हेरीच्या भेटी थांबल्या नाहीत. चैत्यगृहासमोरील स्तूप १८३९ मध्ये जेम्स बर्ड यांनी उघडले तेव्हा एक ताम्रपट मिळाला. त्रैकूटकांच्या राज्याचे २४५ वे वर्ष, म्हणजे सुमारे इ. स. ४९४, असा त्याचा काळ आहे. सिंधू देशातील कनक गावच्या बुद्धरुची याने कृष्णगिरीच्या महाविहारात शारद्वतीपुत्राच्या, म्हणजे सारिपुत्राच्या, स्मरणार्थ चैत्य उभारल्याची त्यात नोंद आहे. नवव्या शतकाच्या मध्यास, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमलात शिलाहार मांडलिक कोकणावर असताना, गौड देशाहून, म्हणजे बंगालमधून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे द्रम्मांची ठेव ठेवली. त्याच काळातील दुसऱ्या एका लेखात पूजा, डागडुजी आणि वस्त्रे यांच्या जोडीने ग्रंथांसाठीही रक्कम राखून ठेवलेली दिसते. पहिल्या शतकांतील दाते एक-दोन मुक्कामांच्या अंतरावरून येत. आता भेटकर्ते उपखंडाच्या दोन टोकांवरून येऊ लागले. लेखांची भाषा संस्कृत झाली ती याच टप्प्यावर, हा योगायोग नव्हे. जवळच्या वाटेची भाषा प्राकृत होती. दूरच्या संपर्काला संस्कृत उपयोगी पडली.

नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या झरथुष्ट्री भेटकर्त्यांनी आपली नावे व तारखा कोरून ठेवल्या. याच लेण्यात संकटग्रस्तांना तारणाऱ्या अवलोकितेश्वराचे शिल्प असून, आठ महाभयांमध्ये नौकाभंगाचे दृश्यही आहे. समुद्रावरून येणाऱ्यांचे हे बेट होते, याचे ते शिल्परूप स्मरण होय. मराठीच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रायगड जिल्ह्यातील अक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो. कोकणच्या किनाऱ्यावर मराठी प्रथम दगडावर उतरत होती, त्याच दशकाच्या आगेमागे कान्हेरीत इराणी परंपरेतील माणसे पहलवीत स्वाक्षरी करीत होती. मराठीचा लेखनारंभ एकभाषिक शांततेत झाला नाही. बहुभाषिक किनाऱ्यावर झाला.

पोर्तुगीज काळात दियोगो दो कौतो या इतिहासकाराने साष्टीतील या लेण्याबद्दल स्थानिक वृद्धाकडे विचारणा केल्याचे लिहिले आहे. संत जोसाफाटच्या पित्याने पुत्राला एकांतात वाढविण्यासाठी हे काम करविले, असे उत्तर त्याला मिळाले. जोसाफाटची ख्रिस्ती कथा ही मुळात बुद्धचरित्राचीच, पश्चिमेकडे प्रवास करीत रूप पालटलेली आवृत्ती आहे. बुद्धाच्या लेण्याची हकिकत बुद्धाच्याच कथेने सांगितली गेली, मात्र सांगणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही परक्या झालेल्या नावाने. लोककथेच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यास याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

६. क्षेत्रभेटीची पद्धत

हे सारे ध्यानात घेतले, तर महाविद्यालयीन क्षेत्रभेटीचे स्वरूप बदलावे लागते. ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयांना एक सोय आहे : वाटेची दोन्ही टोके त्यांच्या आवाक्यात आहेत. भेटीचा आरंभ कान्हेरीपासून न करता टोकावडे-वैशाखरे मार्गे नाणेघाटापासून करावा. पावसाळ्यानंतर, टाक्यांत पाणी असताना, घाटाची चढण चढून राजलेख आणि गोविंददासाची पोढी एकाच दिवशी पाहावी. दुसऱ्या भेटीत सोपाऱ्याचा स्तूप पाहावा; तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केले, आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच गावी मिळाला. कान्हेरी तिसऱ्या भेटीत यावी. अशा क्रमाने गेलेल्या विद्यार्थ्याला लेखांतील गावांची नावे ओळखीची होऊन भेटतात.

कान्हेरीचे डोंगर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात. तेथे प्रथम तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जावे. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंच्या पुढाकाराने त्याचे काम झाले. सुमारे २६ मीटर लांब, साडेतेरा मीटर रुंद आणि तेरा मीटर उंच असे हे दालन, दोन्ही बाजूंच्या स्तंभरांगा, मागच्या अर्धवर्तुळातील स्तूप आणि त्याभोवतीचा प्रदक्षिणापथ ही मांडणी कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण देते. काही स्तंभ पूर्ण घडविलेले, काही साधेच राहिलेले आहेत. दानावर चालणाऱ्या कामाची गती दानासारखीच असमान असते. ओवरीच्या दोन्ही टोकांस सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत, त्या मागाहूनच्या शतकांतील. एकाच दालनात अनेक शतके नांदतात, हे विद्यार्थ्यास डोळ्यांनी पाहता येते.

त्यानंतर टाक्यांजवळचे लेख पाहावेत. वाचन उपलब्ध असलेले चार-पाच लेख आधी वर्गात अभ्यासून न्यावेत आणि प्रत्येकासाठी चार रकाने करावेत : दात्याचे गाव, व्यवसाय, दानाची वस्तू, नातेवाचक शब्द. पाचवा रकाना शब्दांच्या गतीचा : वारसा, खंड की पुनरागमन. शेवटी ओढ्यापलीकडची निर्वाणवीथी पाहावी. दिवंगत स्थविरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष व त्यांवरील स्मृतिलेख शोभना गोखले यांनी प्रकाशात आणले. दानलेखांत येणाऱ्यांची नावे आहेत. येथे राहून गेलेल्यांची आहेत. अक्षरांवर हात फिरविणे, खडूने ती उठविणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. दोन हजार वर्षे टिकलेली अक्षरे अतिउत्साहाने झिजतात.

७. समारोप

कान्हेरीच्या दानलेखांतून मराठीचे वय मोजता येते, हे खरे. परंतु एवढ्यावर थांबल्यास लेखांचा उपयोग जन्मदाखल्यापुरता होतो. त्यांचे वाङ्मयीन महत्त्व अन्यत्र आहे. राजाच्या यशाऐवजी लोहाराची वाट, मणिकाराचे टाके, व्यापारी बंधूंचे चैत्यगृह यांची नोंद करणारा, गावाच्या नावाने सुरू होऊन दानाच्या शब्दावर थांबणारा, मोजक्या अक्षरांचा हा गद्यप्रकार आहे. त्याची भाषा मराठीच्या जवळची आहे, पण मराठी नाही. जे अंतर उरते त्याचाही अभ्यास व्हावयास हवा, कारण भाषेचा इतिहास साम्यांइतकाच अंतरांनीही घडतो. अभिजाततेचा मान मिळालेल्या भाषेच्या अभ्यासकांवर हे वाचन स्वतः करण्याची जबाबदारी अधिकच येते. पोढी, खेत आणि पथ हे शब्द गमावूनही मराठीने टाके, शेत आणि वाट या शब्दांनी तीच कामे चालू ठेवली. टोकावड्याहून कल्याणकडे जाणारा रस्ता आज वेगळ्या नावाने आणि क्रमांकाने ओळखला जातो. नाणेघाटाची खिंड आणि कण्हगिरीचा डोंगर मात्र आपापल्या जागी आहेत, आणि त्यांवरील मजकूर वाचला जाण्याच्या प्रतीक्षेत आहे.